कूलरमधली कोथिंबीर

आमच्या घरात टोमॅटो मोजून वापरायला सुरुवात झाली ती 2023 च्या जुलैत. देशभर भाव शंभरीपार गेले होते. कुठे दीडशे, कुठे दोनशे. बायको वरणात अर्धा टोमॅटो घालायची आणि उरलेला अर्धा वाटीखाली झाकून फ्रिजमध्ये ठेवायची, दागिना लॉकरमध्ये ठेवावा तसा. एकदा असा एक अर्धा टोमॅटो विसरला गेला. आठवड्याने मी वाटी उचलली तर आतल्या बियांना हिरवे कोंब फुटलेले! शहाणा माणूस असा टोमॅटो कचऱ्यात टाकतो. मी तो तळहातावर घेऊन गच्चीकडे निघालो.

"कुठे चाललात?"

"शेती करायला."

"त्याआधी फ्रिजचं दार लावा."

आम्ही झाशीचे मराठी. नेवाळकरांच्या अमदानीत जी कारकून मंडळी दक्षिणेतून इकडे आली, त्यांच्यापैकी कुणाचे तरी खापरपणतू. पुण्याचे नातेवाईक आम्हाला राणीच्या दरबारातले समजून पहिली दहा मिनिटं आदराने बोलतात. वस्तुस्थिती अशी की आमच्या घराण्यात कुणी तलवार धरल्याची नोंद नाही, आणि खुरपं धरल्याची तर नाहीच नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत झाशीत येऊन गेले आणि त्यांनी 'माझा प्रवास' लिहिला. आमच्या पूर्वजांचा प्रवास दौतीपासून टाकापर्यंत. मीही रेल्वेच्या हिशेब खात्यात चौतीस वर्षं काढली.

नाही म्हणायला शेतीचा एक प्रसंग घराण्यात घडला होता. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी आपल्या बंगल्यातलं लॉन नांगरलं, सोमवारी रात्रीचं जेवण सोडा म्हणाले, घराघरात भाजी लावा म्हणाले. मी तेव्हा सात वर्षांचा. वडिलांनी देशाची हाक ऐकून तुळशीवृंदावनाशेजारी एक मुळा लावला. एकच. तो उपटला त्या दिवशी शेजारीपाजारी बोलावून आणले होते. कीस करून सात जणांत वाटला तेव्हा माझ्या वाट्याला जे आलं ते मुळा होतं की खोबरं, हे आजही सांगता येणार नाही.

तर माझा अर्धा टोमॅटो गच्चीवर पोचला त्याच आठवड्यात गल्लीत एक झोळीवाला तरुण अवतरला. आमच्या गल्लीच्या मागे आणखी एक गल्ली आहे. तिला नाव नाही, नळ एकच आहे आणि घरं अठरा. धुणीभांडी करणाऱ्या बाया, ई-रिक्षावाले, बेलदारी करणारे. एकेका खोलीत पाच-सहा माणसं, वर पत्रा. हा तरुण कुठल्याशा संस्थेकडून आला होता आणि 'शहरी गरजू कुटुंबांसाठी सामूहिक परसबाग' असं त्याच्या फलकावर लिहिलं होतं. त्याने घरोघरी फॉर्म भरून घेतले. तुमच्याकडे जमीन आहे का? आठवड्यातून किती वेळा ताजी भाजी मिळते? भाजी लावण्याची घरात कुणाला माहिती आहे का? मग पालक, मेथी, भेंडी, वांगी, मिरची, दुधी, दोडका अशा बियांच्या पुड्या, एक रजिस्टर आणि तो फलक एवढं देऊन तो म्हणाला, "तीन महिन्यांनी येतो. तोपर्यंत तुमच्यातलाच कुणी शिकलेला माणूस सल्लागार म्हणून नेमा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला चष्मा होता.

सल्लागार झाल्यावर मी पहिली गोष्ट केली ती सभा बोलावण्याची. चौतीस वर्षांच्या नोकरीत कुठलंही काम सभेशिवाय सुरू झालेलं मी पाहिलं नव्हतं. सभेमुळे सुरू झालेलंही पाहिलं नव्हतं, पण ते तेव्हा आठवलं नाही. विषय क्रमांक एक: गटाचं नाव. झाशीत नावाचा प्रश्न तसा सोपा असतो, कारण जे काही असेल त्याला वीरांगना म्हणायचं. रेल्वे स्टेशनसुद्धा 2022 साली 'वीरांगना लक्ष्मीबाई झाशी' झालं. पण एका रिक्षावाल्याचं म्हणणं पडलं की भेंडीला वीरांगना म्हणणं बरं दिसत नाही. दुसऱ्या सभेत 'हरियाली' आणि 'हरा-भरा' यांच्यात नऊ-नऊ मतं पडली. तिसऱ्या सभेत खजिनदार निवडला. खजिन्यात चाळीस रुपये होते, ते सभेच्या चहाला गेले.

या तिन्ही सभांना मागच्या गल्लीतली अम्मा हजर होती. अम्मा आमच्यासकट तीन घरची भांडी घासते. वय विचारलं तर "हुइएं कछू" म्हणते. तिसऱ्या सभेचा चहा संपवून तिने पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "काए दद्दा, बीज कब बोने?"

बुंदेली माणूस वाक्याला 'काए'ने सुरुवात करतो आणि मराठी माणसाला उगाच आपल्या घरचं कुणीतरी बोलतंय असं वाटतं. या 'काए'च्या पुढे काय येईल याचा भरवसा नसतो. मी म्हणालो, आधी कुंड्यांचं नियोजन करू. अम्मा उठून गेली. तिच्या पत्र्यावर भोपळ्याचा वेल आदल्याच महिन्यापासून चढत होता. त्याला कुणी सभा घेऊन परवानगी दिली नव्हती.

कुंड्या विकत घ्यायच्या नाहीत, टाकाऊतून टिकाऊ करायचं, असं मी जाहीर केलं. हे वाक्य अतिशय धोक्याचं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात गल्लीतला सगळा टाकाऊ माल येऊन पडला: रंगाचे डबे, फुटके माठ, आट्याची पोती, बिनझाकणाचा कुकर, एक हेल्मेट, एक संडासाची टाकी. टिकाऊचं काय करायचं ते मी बघायचं होतं. त्यात माझा लाडका होता तो पत्र्याचा कूलर. झाशीचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे इथे माणूस जन्माला आला की त्याच्या नावाने एक कूलर येतो आणि बहुधा त्याच्या आधी गंजतो. खालची पाण्याची टाकी म्हणजे दोन फूट बाय दोन फुटांचा वाफाच. मी तिच्यात कोथिंबीर पेरली. बाजूच्या वाळ्याच्या पट्ट्यांचं आच्छादन केलं. बायको वर आली, वास घेतला आणि म्हणाली, "छान. आता पंखा लावा, म्हणजे चटणी थंड मिळेल."

कोथिंबीर उगवली नाही. धणे आख्खे पेरले होते. ते चपलेखाली रगडून दोन फाकी करून पेरायचे असतात, असं मला नंतर कळलं. कुणाकडून, ते सांगायला नको.

आता मातीची गोष्ट. झाशी खडकावर बसलंय. किल्ला बांधायला ही फार उत्तम जागा, पालक लावायला नाही. बुंदेलखंडात मातीच्याही जाती आहेत: मार, काबर, पडवा, राकर. मार म्हणजे काळी, श्रीमंत. राकर म्हणजे तांबूस, खडबडीत, पाणी दिलं की दुसऱ्या मिनिटाला विसरणारी. आमच्या वाट्याला राकर. पहिली पेरणी तिच्यातच झाली. अठरा घरांत काही ना काही उगवलं, कारण तिथल्या बायकांनी तिच्यात शेण, राख, चहाचा चोथा, भाजीची देठं असं जे हाताला लागेल ते कालवलं होतं. मी मातीचा सामू तपासायला कागदाच्या पट्ट्या मागवल्या. पट्टी हिरवी झाली. माझ्या गच्चीवर त्या मोसमात हिरवं झालेलं तेवढंच.

हे फोनवर पुण्याच्या भाच्याला सांगण्याची चूक केली. भाचा सगळं वाचतो. त्याने रात्रीत सतरा लेख पाठवले. त्यातून मला कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराची नव्याने ओळख झाली. दाभोलकर मूळचे गणिताचे प्राध्यापक. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे जमीन पुरते, फक्त ऊन आणि पान यांचा हिशेब नीट मांडा, असं त्यांचं सांगणं. हिशेब म्हटल्यावर माझे डोळे चमकले. लगेच कागद घेतला. दहा गुंठे म्हणजे 10,890 चौरस फूट. भागिले पाच, माणशी 2,178. आमची गच्ची 180 चौरस फूट. म्हणजे माझ्या शेतीवर माणसाचा जवळजवळ बारावा हिस्सा जगू शकत होता. मी हा निष्कर्ष बायकोला सांगितला. ती म्हणाली, "मग तुमची जीभ जगवा. बाकीचं मी बाजारातून आणते."

भाच्याने मुंबईचीही उदाहरणं दिली. तिथे पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यातून भाजी-फळांची बाग उभी केली. वांद्र्याच्या डॉ. दोशींनी तर मातीऐवजी उसाची चिपाडं वापरून गच्चीवर पिकं काढली. हे दोशींचं मला एकदम पटलं, कारण माती नसणे ही एकमेव अट मी पूर्ण करत होतो. कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून मी सहा पोती चिपाडं आणली. ती आधी नीट कुजवायची असतात, हे लेखाच्या दुसऱ्या पानावर होतं. मी पहिल्या पानावरच निघालो होतो.

पहिल्या दिवशी मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशीही मुंग्याच, पण आता नातेवाईक घेऊन. तिसऱ्या दिवशी गल्लीत ठेवलेल्या तीन पोत्यांचा वास घेत गाय आली. बुंदेलखंडात अन्ना प्रथा म्हणून एक प्रकार आहे: दूध आटलं की जनावर मोकळं सोडायचं. ही मोकळी जनावरं शेतं खातात, शेतकरी रात्र-रात्र जागतात, हा इथला फार जुना आणि खरोखरीचा ताप आहे. मी त्यात शहरी सहभाग नोंदवला. गायीने चिपाडं खाल्ली, चिपाडांवर पेरलेली मेथी खाल्ली आणि जाता जाता फलकातला 'गरजू' हा शब्द चघळून गेली. फलकावर उरलं: 'शहरी कुटुंबांसाठी सामूहिक परसबाग'. म्हणजे आता कायदेशीररीत्या मीही त्यात बसत होतो.

याच सुमारास भाच्याने अर्जेंटिनातल्या रोझारिओ शहराची गोष्ट पाठवली. 2001 साली त्या देशाची अर्थव्यवस्था कोसळली. लोकांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हा पुढच्याच वर्षी नगरपालिकेने मोकळ्या पडीक जागा गरीब कुटुंबांना भाजी लावायला दिल्या, बी-बियाणं दिलं, विकायला बाजार भरवले. आणि ते टिकलं. मी भारावून जाऊन हे सगळं अम्माला सांगितलं. अर्जेंटिना कुठे आहे, तेही हातवारे करून सांगितलं. ती भांडी विसळत शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "उतै बंदरा नईं हुइएं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण आमच्याकडे होते. किल्ल्याकडून सकाळी सात वाजता निघायचे, गच्च्या तपासत तपासत साडेआठला आमच्याकडे यायचे. माझ्या टोमॅटोला (त्या अर्ध्या टोमॅटोची रोपं तेवढी मी प्राणपणाने जगवली होती) पाच फळं लागली. माकडांनी पाचही तोडली, प्रत्येकाचा एकेक घास घेतला आणि उरलेलं माझ्या आरामखुर्चीत मांडून ठेवलं. त्या सप्टेंबरात दिल्लीत जी-20 परिषद होती आणि पाहुण्यांना माकडांचा त्रास नको म्हणून रस्तोरस्ती लंगुरांचे कटआउट लावल्याची बातमी मी वाचली. माकडं म्हणे लंगुराला भितात. जे जागतिक नेत्यांना चालतं ते आम्हाला का नाही? मी साडेसहाशे रुपये देऊन फ्लेक्सवाल्याकडून उभा लंगूर छापून घेतला. माकडं दुसऱ्या दिवशी आली, लंगुराकडे बघितलं, मागून बघितलं, आणि ऊन चढल्यावर त्याच्या सावलीत बसली.

"निदान त्यांची सोय झाली," बायको म्हणाली.

दसऱ्यानंतर मी मातीच्या शोधात एरचला गेलो. झाशीहून कानपूरच्या रस्त्याने, मोठ, पूंछ करत सत्तर-ऐंशी किलोमीटर. बेतवेच्या काठचं जुनं गाव. एकेकाळी त्याला एरिकच्छ म्हणत. जुनी नाणी, विटा, मूर्ती सापडतात अशा उंचवट्यांवर आता लोक राहतात. पावसाळ्यानंतर नदी उतरली की घाटावर जो मऊ गाळ राहतो तो सोन्यासारखा, असं मला एका रिक्षावाल्याने सांगितलं होतं. मी दोन रिकामी पोती आणि खुरपं घेऊन बसमध्ये बसलो. हे खुरपं आमच्या घराण्यातलं पहिलं. बायकोने त्याला हळदकुंकू लावून दिलं. थट्टेने, पण लावलं.

एरचच्या चहावाल्याने पोती बघून विचारलं, काय न्यायचंय? मी म्हणालो, माती. झाशीत भाजी लावतोय. तो बराच वेळ हसला. म्हणाला, आमची कोबी झाशीच्या मंडईतून येते आणि तुम्ही इथली माती झाशीला नेताय, म्हणजे मधल्या बसवाल्याचं चांगलं चाललंय. मग त्याने चहा ओतता ओतता गावाचं माहात्म्य सांगितलं. हे एरच म्हणजे हिरण्यकश्यपूची राजधानी. प्रल्हादाला ज्या डोंगरावरून बेतवेत ढकललं तो डिकौलीचा डोंगर तो तिकडे. होलिका जळाली ती इथे, म्हणून होळी सुरू झाली ती इथून. बाकीचे सगळे मागाहून.

"आणि वरदान काय होतं माहितीय ना?" चहावाला बोटं मोजू लागला. "ना माणसाकडून मरण, ना जनावराकडून. ना दिवसा, ना रात्री. ना घरात, ना बाहेर. ना जमिनीवर, ना आकाशात. ना अस्त्राने, ना शस्त्राने."

मी चहाचा पेला तोंडाशी नेता नेता थांबलो. ना घरात ना बाहेर, ना जमिनीवर ना आकाशात: ही तर माझी गच्ची! गेले तीन महिने तिथे माझी रोपं का मरत होती याचा पौराणिक खुलासा मला सत्तर किलोमीटरवर, दहा रुपयांच्या चहात मिळाला.

गाळ खरोखरच सुंदर होता. हाताला लोण्यासारखा लागायचा. दोन पोती भरली आणि मग लक्षात आलं की ती मला उचलत नाहीत. चार मुलांनी ती बसपर्यंत आणली. कंडक्टर म्हणाला, "यात काय?"

"माती."

"सोनं-नाणं नाही ना? इथे निघतं."

"नुसती माती."

"मग दोन हाफ तिकीट."

"मातीला तिकीट?"

"सीटवर बसलीये ना?"

खरंच, खाली जागा नसल्याने पोती सीटवर होती आणि मी उभा. वाटेत वाळूने भरलेले ट्रकमागून ट्रक आम्हाला ओलांडून गेले. नदी किती मोकळेपणाने प्रवास करते ते मी बघत होतो. तिकीट मात्र माझ्याच दोन पोत्यांना पडलं.

त्या गाळातलं एक घमेलं मी घरी ठेवलं, बाकीचा गाळ अठरा घरांत वाटला. हिवाळ्यात मागची गल्ली बघण्यासारखी झाली. आट्याच्या पोत्यांत पालक, रंगाच्या डब्यांत मिरच्या, हेल्मेटमध्ये पुदिना, संडासाच्या टाकीत मुळे (चांगले जाडजूड, वडिलांची आठवण झाली). वापरलेलं पाणी आळीपाळीने कुठल्या पोत्याला जाणार, माकडं आली की कुणाच्या पोराने थाळी वाजवायची, कुणाकडे पाहुणे आले तर कुणाच्या घरची मेथी खुडायची, हे सगळं बायकांनी नळावरच्या रांगेत ठरवून टाकलं होतं. तीन सभांत मला जे जमलं नाही ते दोन हंडे भरेपर्यंत व्हायचं. गटाला अजून नाव नव्हतं. रजिस्टर अम्माची सातवीतली नात भरायची, कारण माझं अक्षर कुणाला लागेना. मी दर रविवारी फेरी मारून सल्ला द्यायचो. "पाणी सकाळी घाला," मी म्हणायचो. "हओ दद्दा," त्या म्हणायच्या आणि त्यांना घालायचं तेव्हाच घालायच्या.

माझ्या गच्चीवर त्या एका घमेल्यात एक वांग्याचं रोप उरलं होतं. अम्मा त्याला भटा म्हणायची. फेब्रुवारीत त्याला फुलं आली आणि मार्चमध्ये पिठ्या ढेकूण. ज्यांनी हा प्राणी पाहिला नाही त्यांनी स्वतःला भाग्यवान समजावं. लांबून वाटतं कुणी देठावर तांदळाची पिठी भुरभुरवलीये. जवळून बघितलं की पिठी चालते. मी साबणाचं पाणी मारलं. त्यांनी आंघोळ केली. कडुनिंबाचं तेल मारलं, चकाकी आली. तंबाखूचं पाणी मारलं, त्याने मलाच चक्कर आली. पाण्याची जोरदार धार मारली, तेव्हा फुलं गळली आणि ढेकूण राहिले. दुपारी मारून पाहिलं, मध्यरात्री टॉर्च घेऊन मारून पाहिलं. शेवटी माझी खात्री पटली: एरचच्या मातीबरोबर वरदानही आलं आहे. ना अस्त्राने, ना शस्त्राने, ना दिवसा, ना रात्री.

होळीचा दिवस होता. बायको पुरण वाटत होती. रोप उपटून होळीतच टाकावं असा निर्णय घेऊन मी घमेलं खाली आणलं आणि दाराशी ठेवलं. दिवेलागणीची वेळ. अम्मा भांडी आटपून निघाली होती. तिने घमेलं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"जो का कर रए दद्दा?"

"जाळतोय. काही उपाय राहिला नाही."

ती बोलली नाही. जाता जाता उंबऱ्यावरच बसली, घमेलं ओढून मांडीवर घेतलं आणि देठ एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या नखांनी एकेक ढेकूण चिरडायला सुरुवात केली. टच्. टच्. पान उलटलं, टच्.

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. ना घरात ना बाहेर: उंबरा. ना दिवस ना रात्र: तिन्हीसांज. ना जमिनीवर ना आकाशात: मांडीवर. ना अस्त्र ना शस्त्र: नखं. मी दोन्ही हात जोडले. आतून बायको म्हणाली, "काय झालं हो?"

"अवतार."

"कुणाचा?"

"नंतर सांगतो. आधी तिला पुरणपोळी बांधून दे. गरम दे. त्यांना शांत करायला लागतं."

वीस मिनिटांत संहार संपला. अम्माने पदराला हात पुसले आणि सांगितलं की आठ दिवस रोज संध्याकाळी असंच करायचं, आणि खाली मुंग्या चढतात त्या आधी बंद करायच्या, कारण या किड्यांना त्याच पोसतात. मी वहीत लिहून घेतलं. वांगी तीन आली. तिन्ही माकडांनी नेली, पण ते निराळं प्रकरण आहे.

तीन महिन्यांनी येतो म्हणून गेलेला झोळीवाला दहा महिन्यांनी, मे महिन्याच्या मध्यावर, उगवला. त्याला गल्ली ओळखेना. पत्र्यांवर दुधी लोंबत होते. त्याने फोटो काढले, पाणी प्यायला आणि रजिस्टर मागितलं. अम्माच्या नातीने ते आणून दिलं. क्रमांक, कुटुंबप्रमुख, काय लावलं, किती आलं, किती घरी खाल्लं, किती वाटलं. सगळं नीट, आखून. तो पानं उलटत गेला आणि एका ठिकाणी अडखळला.

"कुटुंबं अठरा होती ना? ही एकोणीस कशी?"

मी चष्मा लावून वाकलो. क्रमांक एकोणीसला माझं नाव होतं. पुढे नातीच्या गोल अक्षरात: जमीन, नाही. भाजी लावण्याची माहिती, नाही. ताजी भाजी मिळते का: कभी-कभी, अम्मा देती हैं तब.

"हे चुकून झालं असेल," तरुण म्हणाला.

"चुकून नाही," नात म्हणाली. "हर हफ्ते जाती है. लिखा है."

लिहिलं होतं. नोव्हेंबरपासूनचा पालक, मुळे, मिरच्या, मेथी, जुडीजुडीचा हिशेब. चौतीस वर्षांच्या नोकरीत इतका चोख हिशेब मी पाहिला नव्हता, आणि तो माझ्याविरुद्ध होता. बायकोकडे पाहिलं तर ती पदर तोंडाला लावून उभी. तिला महिनोन्महिने माहीत होतं. मला वाटत होतं ती भाजी बाजारातून येते आणि बाजार हल्ली सुधारला आहे.

"मग यांचीही सही लागेल," तरुण म्हणाला. "लाभार्थी."

मी पेन घेतलं. पण सकाळपासून उरलंसुरलं कडुनिंबाचं तेल संपवण्याचा उद्योग चालला होता. बोटं तेलाने माखलेली. पेन दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा कागदावर डाग पडला. नातीने रजिस्टर माझ्यापासून लांब ओढलं आणि दप्तरातून शाईचं पॅड काढलं. "अंगूठा लगा दो दद्दा."

मी अंगठा लावला. शेजारच्या रकान्यात, 'देणाऱ्याची सही' इथे, अम्माने खाली बसून, जीभ दातांत धरून, नातीने हिवाळ्यात शिकवलेली आपली सही केली. मग दीड किलोचा एक दुधी माझ्या हातात दिला. तेलकट हातांतून तोही निसटणार होता; बायकोने वरच्या वर झेलला.

शाई निघाली नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी, 20 मेला, झाशीत लोकसभेचं मतदान होतं. केंद्रावरच्या माणसाने बोटाला शाई लावायला माझा डावा हात धरला, अंगठा पाहिला, मग वर माझ्याकडे पाहिलं.

"हे कसलं?"

"दुधीचं," मी म्हणालो.